फ्लेक्स उतरवा, पोरांच्या हातात भिंत द्या

गेल्या वर्षीच्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. वीस फूट बाय दहा फूट. माझी पोरगी नऊ वर्षांची. फ्लेक्सखाली उभी राहून बोटांवर मोजत होती. मोजून झालं आणि म्हणाली, "पप्पा, सत्तावीस काका आणि एकच बाबासाहेब. ते पण कोपऱ्यात."

मी हसलो आणि हसता हसता ओशाळलो. त्या सत्तावीस काकांमधला एक मीच होतो. तिसऱ्या ओळीत, गॉगल लावून. वर्गणी दिली होती ना! आपल्याकडे हिशेब सोपा झालाय. वर्गणी दिली की फोटो, फोटो लागला की कार्यकर्ता. जयंती सरली की तोच फ्लेक्स कुणाच्या तरी झोपडीच्या पत्र्यावर. बाबासाहेबांच्या तोंडावर पावसाचं पाणी, आणि सत्तावीस काका खाली मान घालून गळती थांबवतायत. निदान तेवढा तरी उपयोग!

चित्रकलेवर लिहायचा मला कसलाही अधिकार नाही. मी एका खासगी ऑफिसात बिलं बनवणारा माणूस. शाळेत चित्रकलेत कायम काठावर पास. भिंतीवर ब्रश टेकवला तो वयाच्या बेचाळीसाव्या वर्षी, तोही पोरीने टेकवायला लावला म्हणून. तरी लिहितोय. कारण या एका वर्षात मला जे कळलं ते पंचवीस वर्षांच्या सभा-शिबिरांत कळलं नव्हतं.

झालं असं. जुलैत पोरीच्या शाळेत चित्रकलेला विषय दिला : माझा आवडता सण. पोरीने १४ एप्रिल काढला. निळे झेंडे, बँजो पार्टी, ट्रकवर बाबासाहेब, खाली गर्दी. गर्दी म्हणजे नुसते गोल गोल काळे ठिपके, पण भरपूर. कागद परत आला तो लाल शेरा घेऊन : 'विषय सोडून.' बाई म्हणाल्या म्हणे, जयंती हा काही सण नसतो, पुन्हा काढ. पोरीने पुन्हा काढलं. आकाशकंदील, पणत्या, किल्ला. दहापैकी नऊ!

सणांची यादी कोणी केली? आपल्या घरात वर्षातून एकदा नवे कपडे ज्या दिवशी येतात, जो दिवस आपल्या आज्यांनी उपाशी राहून साजरा केला, तो सण नाही? मी घरात उभा राहून त्या बाईंना चार शिव्या घातल्या. त्यात आपण पटाईत. व्यवस्था, मक्तेदारी, पांढरपेशी सौंदर्यदृष्टी, सगळं बोलून घेतलं. पोरगी ऐकत होती. म्हणाली, "मग तुम्ही काढा ना."

"मला नाही येत."

"मग शिका ना."

मित्रांनो, ही चपराक होती. 'शिका' हा शब्द आपल्या प्रत्येक कमानीवर आहे, प्रत्येक पत्रकावर आहे. पुढच्या दोन शब्दांच्या क्रमावरून आपले विद्वान अजून भांडतात. 'शिका' पहिला, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. पण आपण चाळिशी ओलांडलेल्यांनी त्याचं गुपचूप 'शिकवा' करून टाकलंय. आपण शिकलो, झालं. आता पोरांना शिकवायचं, बायकांना शिकवायचं, वस्तीला शिकवायचं. स्वतः पाटी घेऊन बसायचं म्हटलं की आपला नेता जागा होतो. बाबासाहेबांची पुस्तकं शेवटच्या दिवसांपर्यंत उघडी होती, आणि त्यांच्या नावाने भाषणं ठोकणारे आम्ही दहावीनंतरचं सगळं शिक्षण व्यासपीठावर घेतलं!

तर ठरलं. आम्ही दोघांनी शिकायचं. कागदावर नाही, भिंतीवर. कागद शाळेत जातो, तिथे शेरे मारणारे बसलेत. भिंत आपल्या वस्तीची.

आणि भिंत आपल्याला नवी कुठे आहे? माझी आजी गावी महारवाड्यात राहायची. पंचमीला, दिवाळीला माती कालवून भिंती लिंपायची, वरून पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवायची. तिचा पंजा भिंतीवर उमटलेला मी पाहिलाय. त्याला कुणी कला म्हणालं नाही. माझे आबा नामांतराच्या लढ्यात रात्री बाहेर पडायचे. एकाकडे गेरूची बादली, दुसऱ्याकडे ब्रश, तिसरा नाक्यावर पोलिसाची गाडी बघायला. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती घरं जळली, किती माणसं गेली. छापील पेपर आपलं छापत नव्हते तेव्हा भिंत हाच आपला पेपर होता. आबांचं अक्षर आजही कुणी विसरलेलं नाही. आणि आबांचा मुलगा, म्हणजे मी, काय करतो? व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराला फोटो पाठवतो. तो दोन तासांत छापून देतो. शिकायला काही उरलंच नाही!

दरम्यान शहराने मात्र भिंतीची किंमत ओळखली. पुलाखाली फ्लेमिंगो उडतायत, फुलपाखरं बसतायत. वारली बायांनी लग्नघरात तांदळाच्या पिठाने काढायचा चौक, त्यातली नाचणारी माणसं आता हॉटेलच्या भिंतीवर नाचतायत. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० चे पाहुणे मुंबईत आले तेव्हा झोपडपट्ट्यांपुढे पडदे नि फलक उभे राहिले. म्हणजे भिंत रंगवायची ती मागचं दिसू नये म्हणून. आपण रंगवायची ती मागचं दिसावं म्हणून. भांडण एवढंच आहे.

पावसाळ्यात भिंतीला हात लावता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोरीला घेऊन जळगावला उतरलो, तिथून एस.टी.ने अजिंठ्याला. मी आधी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा धम्मसहलीत. वंदना, फोटो, जेवण, परत. या खेपेला आम्ही भिंती बघायला गेलो. जिथे चित्र उडालंय तिथे पोरगी थांबायची. खालचा गिलावा दिसतो तिथे. मातीत भाताचा तूस, गवताचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो सुकला की रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवा दगड. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानातून आलेला. माती आणि तूस! च्यायला, हेच तर माझी आजी करायची. राजांची नावं शिलालेखात आहेत, माती कालवणाऱ्याचं नाव नाही.

सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. बुद्ध भिक्षापात्र घेऊन आपल्याच घराच्या दारात उभा. समोर यशोधरा आणि राहुल. बुद्ध प्रचंड मोठा, मायलेक एवढेसे. कथा अशी की यशोधरेने राहुलला सांगितलं, जा, बापाकडे आपला वारसा माग. पोरगी म्हणाली, "मग काय दिलं त्याला?"

मी म्हणालो, "काही नाही. सारिपुत्ताकडे शिकायला ठेवलं."

"बस?"

"बस."

तिला ते फारसं आवडलं नाही. मला मात्र परतीच्या गाडीत झोप आली नाही. त्या भिंतीवर बुद्ध मोठा आहे, कारण चित्रकाराला ठाऊक होतं मोठं कोण. आपल्या फ्लेक्सवर बाबासाहेब बारीक होत चाललेत, कारण तेही आपल्याला बरोबर ठाऊक आहे. आणि वारसा म्हणून आपण पोरांना काय देतोय? गॉगल?

डिसेंबरात सुरुवात केली. सार्वजनिक नळाजवळची भिंत. घरात उरलेला ऑइल पेंट होता, तो सरळ फासला. आठ दिवसांत फोड आले, पंधरा दिवसांत पापुद्रे निघाले. वस्तीतले एक म्हातारे रंगारी, चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं रंगवलेले, बघून म्हणाले, "भाऊ, भिंत ओली हाय. लोणा लागलाय. तुम्ही वरनं झाकण लावलं. आतलं पाणी जाणार कुठं?"

मग शिकणं सुरू झालं. आधी नळाची गळती बंद केली. भिंत खरवडली. लोण्याची पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडली, पाण्याने धुतली तर मीठ परत आत जातं. तीन आठवडे भिंत नुसती वाळू दिली. पोरगी रोज शाळेतून येऊन तळहात लावून बघायची. मग भेगा बुजवल्या, पॉलिश पेपर मारला, प्रायमर लावला, वर बाहेरच्या भिंतीचा पाण्यातला रंग. रंगारी काकांनी एक पैसा घेतला नाही. फक्त म्हणाले, "मला आजवर कुणी विचारलंच न्हाई, हे काम कसं करतात म्हणून." विचार करा. आपल्या वस्तीत चाळीस वर्षांची विद्या बसून आहे आणि आपण शिबिराला बाहेरून वक्ते बोलावतो!

चित्र मोठं कसं करायचं, तेही त्यांनीच दाखवलं. कागदावर नऊ इंच बाय सहा इंच चित्र. त्यावर एकेक इंचाचे चौकोन, चौपन्न. भिंतीवर एकेक फुटाचे तेवढेच. एका चौकोनातलं एका चौकोनात. रेघा मारायला दोरीला गेरू लावायचा, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मध्ये ओढून सोडायची. फट्ट! सरळ रेघ. हे काम एकट्याने होत नाही. आणि गणितात पोरगी माझ्यापुढे. मी 'अर्ध्या इंचाचे किती' करत बसलो तोवर ती सहा इंच मोजून मोकळी.

पण काढायचं काय? इथे मंडळाची मीटिंग बसली. माझं म्हणणं, बाबासाहेब. मंडळ म्हणालं, पोरासोरांच्या हातून चेहरा बिघडला तर? कुणी फोटो काढून फिरवला तर? विटंबना झाली म्हणून पेटलं तर? तुम्ही जबाबदार? हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून लोक रस्त्यावर आले आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात दहा माणसं पोलिसांच्या गोळीने गेली. आपल्याकडे चेहरा हा नुसता चेहरा नसतो, हे मला कळतं. पण म्हणून पोरांनी हातच लावायचा नाही? मग आपल्यात आणि सोवळ्यात फरक काय? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. आपण त्यांचीच भक्ती करून तो इशारा निकालात काढला.

तोड पोरीने काढली. म्हणाली, "चेहरा नंतर शिकू. आधी हात काढू. नळ आहे ना इथे, तर पाण्याचं काढू." महाड! चवदार तळं. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

तिला गोष्ट सांगायला बसलो आणि ती मध्येच म्हणाली, "ठराव झाला होता तर आधीच का नाही प्यायले?" खरंच, का नाही? १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी होतं, प्यायला गेलं असतं तर मार होता. २० मार्च १९२७ ला माणसं गेली, प्यायली, आणि मारही खाल्ला. मग तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरींनी शुद्ध केलं. गुरं प्यायची तेव्हा नव्हतं बाटलं! हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. पोरीचा पुढचा प्रश्न : "मुली होत्या का?" त्याच वर्षी डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले होते, एवढं मी सांगितलं. "मग मी मुलगी पुढे काढणार," म्हणाली. काढ म्हटलं.

ओंजळ काढणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगतो. दहा बोटं एकमेकांत कुठे जातात, अंगठे कुठे लपतात, कळत नाही. रोज संध्याकाळी तिने माझी ओंजळ काढायची, मी तिची. मी आयुष्यभर 'आमच्या हातांना काम द्या' म्हणून ओरडलो, पण स्वतःचा हात कधी पाहिला नव्हता. तिचं माझ्यापेक्षा लवकर सुधारलं. मला राग आला. हो, राग आला! आपल्यालाच आणलेल्या पोराने आपल्या पुढे जावं, हे भाषणात टाळ्या घेतं. घरात ते गिळायला जड जातं. चळवळीत आपण तरुणांना का अडवतो, त्याचं उत्तर मला तिथे, गेरूने माखलेल्या दोरीपाशी मिळालं.

दुसरं उत्तर तिच्या आईने दिलं. पहाटे पाचला त्याच नळावर ती पाणी भरते. म्हणाली, "तुम्ही बापलेक पाण्याचं चित्र काढता. पाणी कोण भरतं ते पण काढा की." मी गप्प. त्या दिवसापासून घरातल्या दोन कळशा माझ्याकडे आल्या, आणि भिंतीच्या उजव्या कोपऱ्यातल्या बायका तिने स्वतः काढल्या. तिच्या बायका ओणव्या नाहीत, उभ्या आहेत. कमरेवर कळशी, नजर समोर. सगळ्या चित्रात तोच कोपरा चांगला झालाय.

शेजारची पोरंही आली. कुणी आकाश भरलं, कुणी दगड. २० मार्चला काम संपलं. एका माणसाला सहा बोटं झालीत. तळ्याच्या पायऱ्या वर जातात की खाली, कळत नाही. पण सकाळी पाण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या एका म्हातारीने चित्रातल्या पाण्याला बोट लावलं आणि ते कपाळाला लावलं. भक्ती नको म्हणून एवढं बोललो, पण तिला काही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

शहाणे लोक विचारतात, वस्ती पुनर्विकासात जाणार, भिंत पडणार, मग कशाला? त्यांना शिकागोची गोष्ट सांगतो. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ ला आपल्या पोरांनी मुंबईत दलित पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या अमेरिकेची गोष्ट. १९६७ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात काळ्या चित्रकारांनी वस्तीतल्या एका मोडक्या इमारतीवर आपली माणसं रंगवली. माल्कम एक्स, मुहम्मद अली, गाणारे, लिहिणारे. नाव दिलं सन्मानाची भिंत. रंग चालू असताना वस्ती भोवती उभी. १९७१ ला आग लागली, मग इमारत पाडली. संपलं? नाही. तोवर गावोगावच्या काळ्या वस्त्यांत भिंती रंगायला लागल्या होत्या. भिंत पडते. दोरी धरायला शिकलेलं पोर पडत नाही.

आणि आमची भिंत बिल्डरच्या आधी आपल्याच माणसांनी फोडली. यंदा १३ एप्रिलच्या रात्री कुणीतरी तिच्यावर फ्लेक्स ठोकला. चार खिळे. एक बरोबर पुढच्या मुलीच्या ओंजळीत. सकाळी पोरगी बघून रडली नाही. रंगवणारी सगळी पोरं गोळा करून मंडळाच्या ऑफिसात गेली. मी मागे उभा. पोरं म्हणाली, "काका, तुमचे फोटो दुसरीकडे लावा." ऑफिसात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकजण उठला, पक्कड घेतली, खिळे काढले. फ्लेक्स विजेच्या खांबावर गेला. दुपारी पोरीने लांबी कालवली, चारही भोकं भरली, वाळू दिली, घासली, रंग लावला. मला हात लावू दिला नाही. मी बादली धरली.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या जयंतीला प्रत्येक मंडळाने फक्त एक फ्लेक्स कमी करावा. तेवढ्या पैशात चुना, गेरू, निळा, ब्रश येतात. एक भिंत निवडावी. आधी ओल बघावी, घाई करू नये. वस्तीतला रंगारी गाठावा, त्याला गुरुजी म्हणावं. पोरांना वर चढवावं आणि आपण खाली घोडा धरावा. काय काढायचं ते त्यांनी ठरवावं. चुकू द्यावं. आणि ज्याला नाव पाहिजे त्याने खाली कोपऱ्यात आपल्या हाताने लिहावं, छापून नाही. लिहिताना अक्षर वाकडं आलं तर पोरांना विचारावं. ती सांगतात. माझं 'भी' त्यांनीच तीनदा पुसायला लावलं.

जय भीम!